वारशाच्या व्याख्येत न बसणारी अ‍ॅम्बॅसेडर

गेल्या वर्षी ऑगस्टमधील एका रात्री, अकरा वाजून सात मिनिटांनी, मी एका ऑनलाइन लिलावात १९७१ सालची अ‍ॅम्बॅसेडर मोटार विकत घेतली. लिलाव खरे तर दहा वाजता संपणार होता. परंतु अशा लिलावांत शेवटच्या तीन मिनिटांत कोणी बोली लावली, की घड्याळ आणखी तीन मिनिटे पुढे सरकते. अखेरच्या क्षणी गुपचूप बोली लावून कोणी बाजी मारू नये, म्हणून केलेली ही सोय आहे. तिचा प्रत्यक्ष परिणाम असा, की दोन हट्टी माणसे समोरासमोर आली तर लिलाव संपतच नाही. माझा प्रतिस्पर्धी मला पडद्यावर केवळ एका क्रमांकाच्या रूपाने दिसत होता. अडीच लाखांपासून पाच-पाच हजारांनी आम्ही दोघे वर चढत गेलो. साडेतीन लाखांच्या पुढे जायचे नाही, असे मी कागदावर लिहून ठेवले होते. तो कागद समोर असतानाच मी चार लाख दहा हजारांचा आकडा दाबला आणि पलीकडचा क्रमांक गप्प झाला. त्यावर लिलावगृहाचे पंधरा टक्के अधिमूल्य, अधिमूल्यावर अठरा टक्के जीएसटी, असे सारे मिळून ४ लाख ८२ हजार ५७० रुपये झाले. सार्वजनिक खरेदीतील बेशिस्तीवर मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे, हे त्या रात्री घरात कोणी मला ऐकवले नाही, एवढाच काय तो दिलासा.

ही मोटार मला का हवी होती, याचे उत्तर साधे आहे. माझे वडील केंद्र सरकारच्या सेवेत होते आणि आमच्या घरची पहिली गाडी अ‍ॅम्बॅसेडर होती. पैसे भरल्यावर ती येण्यास काही वर्षे लागली. मोटारीसाठी रांगेत उभे राहण्याचा तो काळ होता. मोटारीची किंमत सरकार ठरवीत असे, आणि ती किती असावी हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. तेव्हा मागणी होती आणि मोटारी नव्हत्या. आज मोटारी हव्या तेवढ्या आहेत, आणि मी मात्र अशी एक शोधत होतो, जी आता कोणीच बनवीत नाही. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५७ पासून तयार होणाऱ्या अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. २०१७ मध्ये तिचे नावदेखील ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो समूहाला विकले गेले.

आधी मी सरकारी मार्ग धुंडाळला. मंत्र्यांच्या आणि सचिवांच्या पांढऱ्या अ‍ॅम्बॅसेडर गाड्या निर्लेखित झाल्यावर ‘एमएसटीसी’ या सार्वजनिक कंपनीच्या ई-लिलावात निघत, हे मला ठाऊक होते. तो दरवाजा आता बंद झाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी आपोआप रद्द होते आणि ती वाहने केवळ नोंदणीकृत भंगार केंद्रांनाच विकता येतात. म्हणजे ज्या मोटारीत बसून या देशाचा कारभार चालला, तिच्यावर बोली लावण्याचा अधिकार फक्त ती तोडणाऱ्यास आहे. नागरिकास नाही, संग्रहालयासही नाही.

म्हणून मी खासगी लिलावाकडे वळलो. त्याची सूची मोठी देखणी होती. पहिल्या पानांवर संस्थानिकांच्या गाड्या, दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या, लांबलचक बॉनेटच्या, चांदीसारख्या चकाकणाऱ्या. त्यांच्यासोबत छायाचित्रे, राजघराण्याचा पत्रव्यवहार, मूळ खरेदीच्या पावत्या. माझी अ‍ॅम्बॅसेडर अगदी शेवटून दुसरी होती. तिच्यासाठी चार ओळी खर्ची घातल्या होत्या: मार्क २, १९७१, कोइम्बतूर, चालू स्थितीत, मूळ स्वरूपात. हे वर्ष वाचून मला गंमत वाटली. २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले, ते १९७१च्या डिसेंबरात. सूचीच्या पहिल्या पानावरील गाड्या ज्या वर्षी पोरक्या झाल्या, त्याच वर्षी शेवटच्या पानावरील गाडी रस्त्यावर आली होती.

लिलावापूर्वी तीन दिवस गाडी प्रत्यक्ष पाहण्याची मुभा होती. मी गेलो नाही. छायाचित्रे चाळीस होती, तीही चोहोबाजूंनी काढलेली. इंजिनाचेही एक होते, वरून काढलेले, नव्या हिरव्या रंगात न्हालेले. ‘जशी आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विक्री, असे अटींमध्ये स्पष्ट लिहिले होते. त्या अटींपुढील चौकोनात मीच खूण केली होती.

सप्टेंबरात कोइम्बतूरला गेलो तेव्हा एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली ती उभी होती. छायाचित्रांत दिसली तशीच, किंबहुना थोडी अधिक सुंदर. शहरातील एका मित्राने जुन्या गाड्यांची कामे करणाऱ्या एका मेकॅनिकना बरोबर आणले होते. त्यांनी बॉनेट उघडले, वाकून पाहिले आणि मित्राला तमिळमध्ये काहीतरी विचारले. मित्र हसला. प्रश्न असा होता: साहेबांनी पेट्रोलची गाडी म्हणून घेतली आहे का?

गाडीत डिझेल इंजिन होते. फसवणूक म्हणावी तर नोंदणी पुस्तकात ते स्वच्छ नमूद होते. १९७१ मध्ये पहिली नोंदणी याच गिरणीच्या नावे, इंधन पेट्रोल. १९८३ मध्ये आरटीओच्या शिक्क्यासह इंजिन क्रमांक बदललेला, इंधन डिझेल. पुढे दोन मालक. सूचीत नोंदणी पुस्तकाच्या केवळ पहिल्या पानाचे छायाचित्र दिले होते. लिलावगृहाला मी दोन पत्रे लिहिली. उत्तरात त्यांनी माझ्याच खुणेची आठवण करून दिली आणि ‘मूळ स्वरूप’ हे बाह्यांगाविषयी होते, असा खुलासा केला.

आता हा माझा वैयक्तिक मूर्खपणा येथे सांगण्याचे कारण नव्हते, जर त्यापुढची गोष्ट कायद्याची नसती.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी प्रथमच देशभर लागू होणारी व्यवस्था आणली. तिचे स्वागतच करायला हवे होते आणि मीही तेव्हा केले होते. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनास हा दर्जा मिळू शकतो. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५ हजार रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते. ज्यांचा जुना क्रमांक आहे त्यांना तोच ठेवता येतो, इतरांना ‘व्हीए’ अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. रोजच्या वापरासाठी वा व्यवसायासाठी गाडी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. हे सारे रास्त आहे. अडचण एका वाक्यात आहे: वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बांधणीत वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

माझी गाडी वयाने पात्र आहे, चोपन्न वर्षांची. इंजिनामुळे ती अपात्र ठरते. व्हिंटेज नाही, म्हणजे ती साधी जुनी गाडी. साधी जुनी गाडी आणि त्यातही डिझेल, म्हणजे मी राहतो त्या दिल्लीत तिला प्रवेश नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनुसार आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरल्यापासून राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई आहे. १ जुलै २०२५ रोजी अशा गाड्यांना दिल्लीतील पंपांवर इंधन नाकारण्यास सुरुवात झाली आणि दोन-तीन दिवसांत ते थांबवावे लागले. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. १७ डिसेंबरला ते संरक्षण ‘बीएस-४’ आणि त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. पाच-सहा महिन्यांत एका जुन्या मोटारीची कायदेशीर स्थिती तीनदा बदलली. माझी अ‍ॅम्बॅसेडर अर्थात भारतात उत्सर्जनाची मानके येण्याच्या कितीतरी आधीची आहे, त्यामुळे या तिन्ही निर्णयांत तिच्या वाट्याला फारसे काही आले नाही.

मला राहून राहून प्रश्न पडतो तो ‘मूळ’ या शब्दाचा. १९८३ मध्ये एका गिरणीने आपल्या मोटारीचे इंजिन का बदलले असेल? हौस म्हणून नव्हे. १९७३ आणि १९७९ अशा दोन तेलसंकटांनी पेट्रोल महाग केले होते. किमती सरकार ठरवीत होते आणि ठरवताना धोरण स्पष्ट होते: डिझेल शेतकऱ्याच्या पंपाचे आणि मालमोटारीचे इंधन म्हणून स्वस्त ठेवायचे, पेट्रोल मोटारवाल्याची चैन म्हणून महाग. या धोरणाचा हेतू गरिबाच्या बाजूचा होता. परिणाम असा झाला, की मोटारवालाच डिझेलकडे गेला. सत्तरीच्या अखेरीस हिंदुस्थान मोटर्सने स्वतःच डिझेल अ‍ॅम्बॅसेडर बाजारात आणली. भारतात बनलेली पहिली डिझेल मोटार म्हणून ती ओळखली जाते. ज्यांच्याकडे आधीच पेट्रोलची होती त्यांनी इंजिन बदलून घेतले. केरळपासून पंजाबपर्यंत गल्लोगल्लीच्या गॅरेजांत हे काम चाले आणि आरटीओ त्यावर रीतसर शिक्का मारी. माझ्या गाडीत आज आहे ते इंजिन त्याच कारखान्याच्या डिझेल अ‍ॅम्बॅसेडरमधून आलेले आहे. १,४८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे. मूळ पेट्रोल इंजिनही नेमके तेवढ्याच क्षमतेचे, आणि दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच आराखड्यातून जन्मलेली. सख्खे भाऊच म्हणा.

पेट्रोलची किंमत २०१० मध्ये आणि डिझेलची ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाली. तोपर्यंतच्या जवळपास चार दशकांच्या किंमत धोरणाचा पुरावा कोणाला हवा असेल, तर तो अर्थसंकल्पांच्या बाडांत सापडेल आणि त्याहून सहज या बॉनेटखाली सापडेल. पण नियमाच्या दृष्टीने हा पुरावा म्हणजे दोष आहे. कारखान्यातून निघाली त्या दिवशी जी होती तीच खरी गाडी. त्यानंतर देशात जे घडले, त्याचा तिच्यावर उमटलेला ठसा पुसून दाखवला तरच ती वारसा.

ही व्याख्या कोणाला सोयीची आहे, हे त्या सूचीच्या पहिल्या पानांवरून कळते. संस्थानिकाची गाडी मूळ स्वरूपात उरते, कारण तिच्याकडून कधी काम घेतलेले नसते. तिच्यासाठी गॅरेज असते, चालक असतो, सुटे भाग विलायतेहून येतात. डॉक्टरची, गिरणीची, टॅक्सीवाल्याची गाडी रोज धावते. ती मोडते, हाताला लागेल त्या भागाने दुरुस्त होते, इंधन महागले की पोटातले इंजिन बदलते आणि म्हणूनच पन्नास वर्षे जगते. भारतात जुनी मोटार टिकते ती मूळ न राहिल्यामुळे. १९६४ पासून दिल्लीत भरणारी ‘द स्टेट्समन’ची जुन्या मोटारींची रॅली मी अनेकदा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी आनंदाने पाहिली आहे. पण तेथे जमलेली गर्दी स्वतः ज्या गाड्यांत वाढली, त्या रांगेत क्वचितच असतात.

आणि मुळात पन्नाशी गाठायची कोणी? पंधराव्या वर्षी गाडी जुनी ठरते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षे तिने कोठे काढायची, यावर नियम मौन पाळतात. भंगार धोरण २०२१ मध्ये आले. त्यानंतर पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार झाले. नूतनीकरण दर पाच वर्षांनी. राजधानी परिसरात तर तीही वाट नाही. मारुती ८०० घ्या. भारतीय मध्यमवर्गाचा इतिहास लिहिणाऱ्याला तिच्यावाचून पुढे जाता येणार नाही. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीतील एका ग्राहकाला मिळाली. ती आज शाबूत आहे, कारण कंपनीने ती परत मिळवून, दुरुस्त करून आपल्या मुख्यालयात ठेवली. तिच्यासोबत त्याच वर्षांत रस्त्यावर आलेल्या तिच्या बहिणींना वारसा होण्यासाठी २०३३च्या पुढे पोहोचावे लागेल. त्यांच्यामागे कंपनी नाही. मुंबईच्या वाचकांना २०२३चा ऑक्टोबर आठवत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. एखादी तरी जपून ठेवावी, अशी मागणी तेव्हा झाली होती.

इतर देशांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला आहे. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाच्या, म्हणजे ‘फीवा’च्या व्याख्येत तीस वर्षे पुरेशी आहेत. जर्मनीत तिसाव्या वर्षी गाडीच्या क्रमांकाशेवटी ‘एच’ हे अक्षर लागते, आणि त्या गाडीच्या ऐन उमेदीच्या काळात जे बदल प्रचलित होते ते केलेले असले तरी चालते. फीवाची ट्युरिन सनद याहून पुढे जाते. वाहनाच्या वापरकाळात झालेले बदल हा त्याच्या इतिहासाचाच भाग आहे, अशी तिची भूमिका आहे. आपल्याकडील जुन्या इमारतींच्या जतनातही हे तत्त्व परके नाही. वाड्याला पेशवाईनंतर जोडलेला सज्जा पाडून टाका, तरच वाडा ऐतिहासिक, असे कोणी जाणकार म्हणणार नाही.

येथे माझ्या विरुद्ध बाजूचा मुद्दा मांडणे मला भाग आहे, कारण तो बरोबर आहे. ते डिझेल इंजिन घाणेरडे आहे. शेडमध्ये ते प्रथम सुरू केले तेव्हा निघालेला धूर पाहून मीच चार पावले मागे सरलो. नोव्हेंबरात दिल्लीची हवा श्वास घेण्याजोगी नसते, माझ्या नातीला त्या महिन्यात फवारा जवळ ठेवून झोपावे लागते, आणि त्या शहरात हे इंजिन रोज चालावे अशी मागणी मी करीत नाही, करणारही नाही. पण व्हिंटेज नियमांतही रोज चालवण्याची परवानगी नाहीच. वर्षातून चार वेळा रॅलीला जाणाऱ्या संस्थानिकाच्या आठ सिलिंडरच्या गाडीला कोणी उत्सर्जनाचे मानक लावीत नाही. मग मुद्दा धुराचा उरत नाही. गाडी फिरवण्याचा आणि गाडी अस्तित्वात ठेवण्याचा, असे दोन निरनिराळे परवाने हवेत. आपल्याकडे दुसरा परवाना पहिल्यात अडकवून ठेवला आहे. तीस वर्षांवरील मोटार वापरातून काढून, रस्त्यावर आणणार नाही या लेखी हमीवर अल्प शुल्कात नोंदवून ठेवण्याची सोय करण्यास नियमांतील एक पोटकलम पुरेल. आज ही सोय नसल्याने माणसे एक तर गाडी भंगारात देतात किंवा कागद मरू देतात. कागद मेलेली गाडी पन्नास वर्षांची झाली तरी तिचे वय सिद्ध करणार कोण? तिचा जुना अभिलेख ‘वाहन’ या संगणकीय नोंदवहीत चढलेलाच नसतो.

संग्रहालयांचे म्हणाल तर गुरुग्रामजवळ तावडू येथे, अहमदाबादेत आणि खुद्द कोइम्बतूरमध्ये मोटारींचा उत्तम संग्रह आहे. तिन्ही खासगी व्यक्तींच्या ध्यासातून उभे राहिलेले. रेल्वेसाठी दिल्लीत सरकारी राष्ट्रीय संग्रहालय १९७७ पासून आहे. मोटारीसाठी आपल्या प्रजासत्ताकाने केले ते इतकेच, की लिलावात तोडणाऱ्यांची सोय केली.

कोइम्बतूरच्या मेकॅनिकनी मला एक उपाय सुचवला. उक्कडमच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मार्क २ चे पेट्रोल इंजिन मिळेल. दुसरी कोणती तरी गाडी तोडून काढलेले असेल. ते बसवले, की गाडी ‘मूळ’ होईल. क्रमांक जुळणार नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. क्रमांकाचीही व्यवस्था होते, असे शेडच्या दारात उभ्या असलेल्या एका एजंटने सांगितले. किती लागतील, हेही त्याने बोटांवर दाखवले. म्हणजे एक अ‍ॅम्बॅसेडर मोडून, दुसरीचा खरा इतिहास उपसून फेकून आणि वर एक खोटा क्रमांक ठोकून मला वारशाचे प्रमाणपत्र मिळवता येईल. खऱ्या नोंदीच्या बळावर ते मिळणार नाही.

डिसेंबरच्या शेवटी पुन्हा गेलो होतो. शेडचे भाडे महिना दोन हजार रुपये आहे, ते थकले होते. मेकॅनिक इंजिनाखाली आडवे होऊन बॅटरीचा दिवा इकडेतिकडे फिरवत होते. बाहेर आल्यावर त्यांनी इंजिन ज्यावर टेकवले आहे त्या लोखंडी कंसांवर बोट ठेवले. हे कारखान्याचे नाहीत, म्हणाले, येथेच कोणीतरी पट्टी कापून, वाकवून बनवले आहेत. जोड हातावर घेऊन पाहण्यासारखा आहे. बेचाळीस वर्षांत एकही तडा नाही. मग त्यांनी मला चालकाच्या जागेवर बसवले, प्लग तापण्यासाठी वीस आकडे मोजायला सांगितले आणि चावी फिरवायची खूण केली. ती दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली. गिरणीच्या रिकाम्या आवारात आवाज बराच वेळ घुमत राहिला.

इंजिन बंद केल्यावर फडक्याला हात पुसत त्यांनी मित्रामार्फत मला विचारले, “मग सर, काढायचे का हे?”

मी पुढच्या महिन्याचे भाडे देऊन परत आलो आहे.